पोटॅशियम ५.८ आलंय? भाज्या बंद करण्याआधी मिठाचं पाकीट वाचा

पत्र: माझे वडील ६६ वर्षांचे आहेत. मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही जुने. किडनीचं काम मंदावलंय, ईजीएफआर (किडनी रक्त किती वेगाने गाळते त्याचा अंदाज) २९ आहे. चार महिन्यांपूर्वी पोटॅशियम ४.९ होतं, तीन आठवड्यांपूर्वी ५.५ आलं. तेव्हापासून आम्ही त्यांची फळं, भाज्या, डाळी, दूध सगळं बंद केलं. भात, ब्रेड आणि बिस्किटांवर आहेत, दोन किलो वजनही उतरलं. तरी परवाच्या तपासणीत पोटॅशियम ५.८! त्रास म्हणाल तर काहीच नाही. इन्सुलिन आणि रक्तदाबाच्या टेल्मिसार्टन ४० व मेटोप्रोलोल या गोळ्या चालू आहेत. रक्तदाबासाठी दोन महिन्यांपासून घरात 'कमी सोडियमचं' मीठ वापरतो. गुडघे दुखले की ते डायक्लोफिनॅकची गोळी घेतात, आठवड्यातून तीन-चारदा. पोट साफ होत नाही ही तक्रार रोजची. डॉक्टरांची वेळ दहा दिवसांनंतरची मिळाली आहे. टेल्मिसार्टन बंद करू का? बटाटे रात्रभर पाण्यात ठेवले तर चालतील का? आणि आता डायलिसिस लागणार का?

उत्तर: दहा दिवस थांबू नका. आजच डॉक्टरांना फोन करून ५.८ हा आकडा सांगा, आणि तीन दिवसांच्या आत पुन्हा रक्त तपासून, सोबत ईसीजी काढून घ्या. आकडा ६.० किंवा त्यापुढे आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं. ६.५ किंवा त्याहून जास्त आला, तर कितीही बरं वाटत असलं तरी थेट रुग्णालयात. पायांत अचानक जोर न राहणं, छातीत धडधड, नाडी फार मंद लागणं, चक्कर, छातीत दुखणं, धाप, यांतलं काहीही दिसलं तर रिपोर्टची वाट न बघता रुग्णालय गाठा. त्रास नाही म्हणजे धोका नाही, असं पोटॅशियमच्या बाबतीत धरता येत नाही. बऱ्याच जणांना हृदयाचा ठोका बिघडेपर्यंत काहीच जाणवत नाही.

आता तुमच्या पत्रातली सगळ्यात बोलकी गोष्ट. तीन आठवडे ताट रिकामं केलं आणि पोटॅशियम उतरायच्या ऐवजी चढलं. याचा अर्थ मुख्य कारण फळा-भाज्यांत नाही. तुम्हीच लिहिलेल्या चार गोष्टी माझ्या मते जास्त संशयास्पद आहेत: ते मीठ, डायक्लोफिनॅक, बद्धकोष्ठता आणि उतरलेलं वजन. टेल्मिसार्टनचा हात त्यात आहेच, पण त्याच्याकडे सगळ्यात शेवटी यायचं.

मिठापासून सुरुवात करू. 'कमी सोडियमचं' मीठ म्हणजे सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून त्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं मीठ. पाकिटाच्या मागे घटकांमध्ये ते लिहिलेलं असतं. १ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइडमध्ये सुमारे ५२० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. मिश्रणात पोटॅशियम क्लोराइड ३० टक्के असेल, तर सपाट भरलेल्या एका चहाच्या चमच्यात, म्हणजे साधारण ६ ग्रॅम मिठात, जवळपास ९४० मिलिग्रॅम पोटॅशियम पोटात जातं. म्हणजे मध्यम आकाराच्या दोन केळ्यांपेक्षा जास्त. काही मिठांत हे प्रमाण याहून अधिक असतं आणि काही तर जवळजवळ निव्वळ पोटॅशियम क्लोराइडच असतात.

हे इतकं का बाधतं? शरीरातलं सुमारे ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असतं. बाहेर, रक्तात आणि पेशींभोवतीच्या पाण्यात मिळून, जेमतेम ६० मिलिमोल. वर सांगितलेल्या एका चमच्यातून २४ मिलिमोल (म्हणजे तेच ९४० मिलिग्रॅम) आत येतात. निरोगी किडनी ते काही तासांत लघवीवाटे काढून टाकते. ईजीएफआर २९ असलेल्या आणि त्यात टेल्मिसार्टनवर असलेल्या किडनीला ते जड जातं. शिवाय भाजीतलं पोटॅशियम पूर्ण शोषलं जात नाही, मिठातलं मात्र जवळजवळ सगळंच शोषलं जातं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ मध्ये अशी मिठं वापरण्याची शिफारस केली तेव्हा किडनीचा विकार असलेल्यांना त्यातून स्पष्टपणे वगळलं होतं. पाकिटावर ही सूचना असतेच असं नाही, आणि असली तरी ती वाचायला भिंग लागतं.

तेव्हा ते मीठ आजपासून बंद करा. जेवण सगळ्यांचं एकत्र शिजत असेल, तर सगळ्यांसाठीच. नेहमीचं मीठ वापरा, पण दिवसाला सगळं धरून ५ ग्रॅमच्या आत. रक्तदाबाला आणि किडनीला तेवढं बंधन हवंच. चवीसाठी लिंबाचा रस, व्हिनेगर, लसूण, मिरी, मोहरी यांची मदत घ्या. चमचाभर लिंबाच्या रसात १५-२० मिलिग्रॅमच पोटॅशियम असतं, त्यामुळे त्याची भीती नको.

हेच पोटॅशियम पाकीटबंद खाण्यातूनही येतं. 'कमी मीठ' किंवा 'कमी सोडियम' असं ठळक छापलेली सूप, स्टॉकच्या वड्या, सॉस, तयार मांस यांच्या घटकांत 'पोटॅशियम' हा शब्द शोधा. कधी नावाऐवजी क्रमांक असतो: ५०८ म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, ३२६ लॅक्टेट, ३३२ सायट्रेट, ३४० फॉस्फेट. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, म्हणून यांपैकी काही पहिल्या चार-पाच नावांत असेल तर ती वस्तू परत ठेवून द्या. तुमच्या वडिलांच्या बिस्किटांची आणि ब्रेडची पाकिटंही एकदा उलटून बघा.

डायक्लोफिनॅकबद्दल सौम्य भाषेत सांगण्यासारखं काही नाही. ही गोळी त्यांनी घ्यायला नको होती. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन या गटातली औषधं किडनीतल्या गाळण्यांकडे जाणारा रक्तपुरवठा कमी करतात. शिवाय ज्या संप्रेरकांच्या साखळीमुळे किडनी पोटॅशियम लघवीत सोडते, ती साखळीच ही औषधं मंदावतात. टेल्मिसार्टन तीच साखळी दुसऱ्या ठिकाणी अडवतं. दोन्ही एकत्र आली की पोटॅशियम चढतं, आणि क्रिएटिनिनही चढू शकतं. म्हणून नव्या तपासणीत पोटॅशियमसोबत क्रिएटिनिन (किडनी मंदावली की रक्तात वाढणारा घटक) आणि बायकार्बोनेटही (रक्तातलं आम्ल आवरणारा क्षार) मागा. दुखण्यावर पॅरासिटामॉल हा सहसा अधिक सुरक्षित पर्याय. दिवसाची कमाल मात्रा डॉक्टरांकडून लिहून घ्या. गुडघ्यावर लावायच्या मलमातूनही औषध थोडं रक्तात जातं, त्यामुळे तेही विचारूनच.

याच अंगाने घरातल्या बाकीच्या गोळ्या-बाटल्याही तपासा. लघवीच्या जंतुसंसर्गासाठी दिलं जाणारं ट्रायमेथोप्रिम (को-ट्रायमोक्साझोल या जोडगोळीतही ते असतं) पोटॅशियम लघवीत जाण्याचा मार्गच अडवतं आणि काही दिवसांत आकडा वर नेतं. स्पायरोनोलॅक्टोन, एप्लेरेनोन, फिनेरेनोन, अमिलोराइड पोटॅशियम वाढवतात हे डॉक्टर जाणतात, पण एका डॉक्टरांनी काय दिलंय ते दुसऱ्यांना ठाऊक नसतं. मूतखड्यासाठी किंवा लघवीच्या जळजळीसाठी घेतलेल्या सिरपमध्ये पोटॅशियम सायट्रेट असू शकतं. पाण्यात फसफसणाऱ्या काही गोळ्यांत पोटॅशियम बायकार्बोनेट असतं. 'किडनी साफ करणारे' म्हणून मिळणारे वनस्पतींचे रस, पावडरी आणि काढे बंदच ठेवा. त्यांत काय आणि किती आहे ते कळायला मार्ग नसतो. जुलाबासाठी दिल्या जाणाऱ्या ओआरएसच्या एका लिटरमध्ये २० मिलिमोल पोटॅशियम असतं. जुलाबात पाणी भरून काढणं गरजेचं असतंच, पण तुमच्या वडिलांना ते किती द्यायचं हे डॉक्टरांना विचारून ठरवा.

आता टेल्मिसार्टन. स्वतःहून बंद करू नका. ते पोटॅशियम थोडं वाढवतं हे खरं, पण त्याच गोळीमुळे किडनीतल्या गाळण्यांवरचा दाब कमी राहतो. गोळी सोडली की पुढच्या रिपोर्टमध्ये पोटॅशियम उतरलेलं दिसतं, घरच्यांना हायसं वाटतं, आणि किडनी-हृदयाचं संरक्षण मात्र गेलेलं असतं. योग्य क्रम असा: आधी मीठ आणि वेदनाशामक काढायचे, मग गरजेप्रमाणे लघवी वाढवणारं औषध, बायकार्बोनेट किंवा पोटॅशियम बांधून ठेवणारं औषध जोडायचं, त्यानेही भागलं नाही तर मात्रा कमी करायची. एवढं करूनही आकडा ६.० च्या वर राहिला तर डॉक्टर ती थांबवतात. एक अपवाद लक्षात ठेवा. उलट्या, जुलाब किंवा तापामुळे खाणं-पिणं तुटलं असेल, तर त्याच दिवशी फोन करून 'आज टेल्मिसार्टन द्यायची का?' असं विचारायचं. शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना ही गोळी किडनीला अचानक खाली आणू शकते.

मेटोप्रोलोलचा पोटॅशियमवरचा परिणाम सहसा किरकोळ असतो. त्याला हात लावू नका. अचानक बंद करणं हृदयाला धोक्याचं.

पोट साफ न होणं तुम्ही शेवटी, ओघात लिहिलं आहे. ते तसं किरकोळ नाही. निरोगी माणसात पोटॅशियमचा सुमारे दहावा भाग शौचावाटे जातो. किडनी मंदावली की मोठं आतडं ते काम वाढवून घेतं, आणि शौच अडलं की ही दुसरी वाटही बंद होते. फळं, भाज्या आणि डाळी काढून तुम्ही तंतूही काढून टाकलेत, म्हणजे बद्धकोष्ठता वाढणारच. रोज एकदा मऊ शौच झालं पाहिजे हे ध्येय ठेवा. लॅक्टुलोज किंवा पॉलिएथिलीन ग्लायकॉलसारखी औषधं किडनीच्या रुग्णांना सहसा चालतात. नेमकं कोणतं आणि किती हे डॉक्टर सांगतील. मॅग्नेशियम असलेली रेचकं आणि फॉस्फेटचा एनिमा मात्र टाळा, कारण ते क्षारही मंद किडनीत साठून राहतात.

वजन उतरण्याचाही पोटॅशियमशी संबंध आहे. खाणं पुरेसं नसलं की शरीर स्नायू मोडायला लागतं, आणि त्या मोडलेल्या पेशींतलं पोटॅशियम रक्तात उतरतं. शिवाय इन्सुलिन पोटॅशियमला पेशींत ढकलतं. म्हणून लांबलेला उपवास, चुकलेलं इन्सुलिन, चढलेली साखर, या तिन्हींमुळे पोटॅशियम बाहेर येतं. साखर आवाक्यात ठेवणं हा पोटॅशियमचाच उपचार समजा. मात्र ईजीएफआर इतका खाली असताना इन्सुलिन शरीरात जास्त वेळ टिकतं आणि खाणं कमी झालं की साखर एकदम पडू शकते. साखर पडली तर फळांचा रस देऊ नका. १५ ग्रॅम ग्लुकोज, गोळ्या किंवा पावडर पाण्यात विरघळवून द्या. १५ मिनिटांनी साखर पुन्हा मोजा.

रक्तातलं आम्ल वाढलं तरीही पोटॅशियम वर राहतं, आणि मंद किडनीत हे नेहमी घडतं. बायकार्बोनेट खाली आलं असेल तर डॉक्टर सोडियम बायकार्बोनेटच्या गोळ्या देऊ शकतात. सूज किंवा हृदयाची तक्रार असेल तर त्यातल्या सोडियमचा विचार करावा लागतो, म्हणून खाण्याचा सोडा घरच्या अंदाजाने देऊ नका.

रिपोर्टच खोटा असेल का, अशी शंका तुमच्या मनात नसली तरी एक खुलासा करतो, कारण पुन्हा रक्त द्यायचंच आहे. रक्त काढताना किंवा नंतर तांबड्या पेशी फुटल्या, तर त्यांच्यातलं पोटॅशियम नमुन्यात मिसळतं आणि आकडा फुगतो. मूठ वारंवार उघड-मीट करणं, दंडाचा पट्टा बराच वेळ आवळून ठेवणं, नमुना तासन् तास पडून राहणं किंवा फ्रीजमध्ये ठेवला जाणं, यानेही तसंच होतं. तेव्हा या वेळी मूठ आवळायची नाही, आणि नमुना लगेच तपासायला जाईल अशा वेळी प्रयोगशाळेत जायचं. नमुन्यात पेशी फुटल्याची नोंद असेल तर ती रिपोर्टवर येते, ती वाचा. पण ४.९, ५.५, ५.८ अशी चढण दिसत असताना हा आकडा खोटा धरून बसणं धोक्याचं. (काही रिपोर्टवर मिलिमोल असतं, काहींवर मिलिइक्विव्हॅलंट. पोटॅशियमच्या बाबतीत दोन्ही आकडे सारखेच.)

इतकं झाल्यावर ताटाकडे यायचं. सगळं बंद नाही, पण मोकळीकही नाही. रोजचं पोटॅशियम किती असावं हा आकडा माणसागणिक वेगळा; बऱ्याचदा २००० ते ३००० मिलिग्रॅमच्या दरम्यान ठरवला जातो. आहारतज्ज्ञांना भेटण्याआधी तीन दिवस जे पोटात जाईल ते मापासकट लिहून काढा. 'थोडी भाजी' असं न लिहिता वाटी किंवा ग्रॅम लिहा.

सगळ्यात आधी काढायच्या त्या आटवलेल्या, वाळवलेल्या आणि रस काढलेल्या गोष्टी. संत्र्याच्या रसाच्या २४० मिलिलिटरच्या पेल्यात सुमारे ४९० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं, तर अख्ख्या संत्र्यात २४० च्या आसपास. नारळपाण्याच्या पेल्यात ४०० ते ६००. मनुके १०० ग्रॅमला ७५०, वाळवलेली जर्दाळू त्याहून जास्त. टोमॅटो ताजा असेल तर मध्यम आकाराच्या एकात २९०, पण त्याची आटवलेली पेस्ट मोठा चमचाभर घातली तरी १६०. सालासकट भाजलेला एक मध्यम बटाटा ९०० च्या पुढे जातो. शिजवलेला पालक कपभर घेतला तर ८४०, तोच कच्चा चिरलेला कपभर घेतला तर १७०, कारण शिजून तो आकसतो आणि एका कपात कितीतरी अधिक पानं मावतात. मापाची फसगत इथेच होते. केळं ४२०, सफरचंद १९५, पेलाभर दूध साधारण ३५०, अंडं ७०, शिजवलेला पांढरा भात कपभर ५५. शिजवलेली मसूर किंवा राजमा कपभर ७०० ते ७३०, पण त्यांतलं पोटॅशियम सगळं शोषलं जात नाही आणि सोबत तंतू व प्रथिनं मिळतात, म्हणून अर्ध्या कपाला जागा ठेवता येते.

अंदाजासाठी एक रेघ आखून घ्या: एका वाढपात २०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असलेल्या गोष्टी रोज चालतील, २०० च्या वरच्या मोजून. पण वाढप दुप्पट केलं की कमी पोटॅशियमची वस्तूही जास्तीची होते. तीन सफरचंदं म्हणजे एका केळ्यापेक्षा जास्तच. सफरचंद, नासपती, द्राक्षं, बेरी, अननस यांतलं एखादं फळ एका वेळी लहान वाटीभर, दिवसातून दोनदा. भाज्यांत कोबी, काकडी, फरसबी, वांगं, ढोबळी मिरची, कांदा, फुलकोबी यांना पुढे ठेवा. दूध अर्धा पेला. आणि फळं-भाज्या एकाच जेवणात न कोंबता दिवसभरात विभागून द्या.

बटाट्याच्या प्रश्नाचं उत्तर नकारार्थी आहे. अख्खा किंवा मोठे तुकडे केलेला बटाटा रात्रभर गार पाण्यात ठेवला तरी पोटॅशियम फारसं बाहेर येत नाही. ते पेशींच्या आत असतं. उष्णतेने पेशींच्या भिंती फुटल्याशिवाय ते पाण्यात उतरत नाही. पद्धत अशी. साल काढा, मग ३ मिलिमीटर जाडीच्या चकत्या किंवा एक सेंटिमीटरचे चौकोनी तुकडे करा. कोमट पाण्यात धुऊन घ्या. तुकड्यांच्या किमान पाचपट पाणी उकळा, त्यात तुकडे टाका, ५ मिनिटं उकळा आणि ते पाणी फेकून द्या. पुन्हा तेवढंच ताजं पाणी घालून मऊ होईपर्यंत शिजवा आणि तेही पाणी फेका. चौकोनी तुकडे एकदाच उकळले तरी साधारण निम्मं पोटॅशियम निघून जातं. बटाटा किसून उकळला तर तीन चतुर्थांशापर्यंत. त्यानंतर परता, कुस्करा, काहीही करा.

चुका कुठे होतात तेही सांगतो. साल ठेवून अख्खा उकडायचा आणि मग चिरायचा: पोटॅशियम आतच. वाफवणं, भाजणं, तळणं, मायक्रोवेव्ह: पाणीच नाही, तर पोटॅशियम जाणार कुठे? प्रेशर कुकर चालतो, पण पाणी भरपूर हवं आणि ते फेकायलाच हवं. भाजी आणि पाणी एकत्र आटवलं तर सगळी मेहनत वाया. उकळलेलं पाणी 'सत्त्व जाऊ नये' म्हणून रश्शात किंवा सुपात घालणं ही चूक मी सगळ्यात गंभीर धरेन, कारण काढलेलं सगळं पोटॅशियम त्यातच असतं. पाण्यासोबत काही जीवनसत्त्वं जातात हे खरं. ती भरून काढायची गरज आहे का, ते आहारतज्ज्ञ पाहतील.

पालेभाज्या बारीक चिरून भरपूर पाण्यात ३ ते ५ मिनिटं उकळा, चाळणीत घट्ट पिळून काढा आणि अर्ध्या वाटीच्या मापाने वाढा. कडधान्यं ८ ते १२ तास भिजवा, ते पाणी टाका, ताज्या पाण्यात शिजवा आणि शिजल्यावरचं पाणीही काढून टाका. डब्यातली शिजवलेली कडधान्यं निथळून धुऊन घेतली तर त्यांतलं पोटॅशियम घरी शिजवलेल्यांपेक्षा कमी असतं, पण मीठ नसलेला डबा निवडा.

पुढच्या भेटीत डॉक्टर पोटॅशियम बांधणारी पावडर सुचवतील अशी शक्यता आहे. ती आतड्यात पोटॅशियम पकडते आणि शौचावाटे बाहेर नेते. पॅटिरोमर घेतलं तर बाकीच्या गोळ्या त्याच्या आधी किंवा नंतर तीन तासांचं अंतर ठेवून घ्यायच्या. त्याने बद्धकोष्ठता होऊ शकते आणि मॅग्नेशियम उतरू शकतं, म्हणून तेही तपासतात. सोडियम झिरकोनियम सायक्लोसिलिकेट लवकर काम सुरू करतं, पण त्याच्या दर ५ ग्रॅममागे सुमारे ४०० मिलिग्रॅम सोडियम असतं, त्यामुळे पायांना सूज येते का ते पाहावं लागतं. पॉलिस्टायरीन सल्फोनेट ही जुनी पावडर बद्धकोष्ठता असलेल्यांनी जपून घ्यायची, सॉर्बिटॉल या रेचकासोबत तर नाहीच. आतड्याला गंभीर इजा झाल्याच्या नोंदी आहेत. म्हणजे तुमच्या वडिलांचं पोट आधी मोकळं व्हायला हवं. आणि यांतली कोणतीही पावडर आणीबाणीचा उपाय नाही. ६.५ आलं आणि घरात पावडर आहे म्हणून ती देऊन रात्र काढायची नाही.

मधुमेह असल्यामुळे डॉक्टरांना आणखी एक विचारा: एम्पाग्लिफ्लोझिन किंवा डापाग्लिफ्लोझिन त्यांना योग्य आहे का? या गोळ्या किडनीचं संरक्षण करतात आणि पोटॅशियम धोकादायक पातळीला जाण्याची शक्यताही कमी करतात. अंगावर सूज असेल तर टोरसेमाइड किंवा फ्युरोसेमाइडने लघवीवाटे पोटॅशियमही जातं.

जाताना मिठाचं पाकीट, सगळ्या गोळ्या-बाटल्या, तीन दिवसांची खाण्याची वही आणि जुने रिपोर्ट बरोबर न्या. मीठ आणि वेदनाशामक बंद केल्यानंतर, तीन दिवसांच्या आतली तपासणी वेगळी धरून, साधारण एका आठवड्याने पोटॅशियम पुन्हा पाहावं लागेल. पुढे टेल्मिसार्टनची मात्रा बदलली तर दोन ते चार आठवड्यांत पुन्हा. आकडा ५ च्या आत स्थिरावला की आहारतज्ज्ञांच्या मदतीने एकेक पदार्थ परत आणायचा, दर वेळी एकच, म्हणजे चढलं तर कशाने ते कळेल. ३.५ च्या खाली जाणंही हृदयाला वाईटच. पावडर चालू असताना असं झालं तर लगेच कळवा.

डायलिसिसचं म्हणाल, तर ५.८ या आकड्यावरून ते ठरत नाही. ईजीएफआर २९ म्हणजे किडनीच्या विकाराचा चौथा टप्पा, त्याची वरची कडा. औषधं, आहार, आतडी हे सगळे उपाय करूनही पोटॅशियम वर राहिलं, लघवी कमी होऊन अंगात पाणी साठलं, रक्तातलं आम्ल आवरेना झालं किंवा सततची मळमळ, खाज, गुंगी अशी लक्षणं दिसली, तर तो विषय निघतो. तुमच्या वडिलांच्या बाबतीत मीठ बदलणं आणि गोळी थांबवणं हे दोन साधे उपाय अजून झालेलेच नाहीत. ते आज करा आणि येत्या तीन दिवसांतला रिपोर्ट हातात आल्यावर डॉक्टरांशी बोला.